कुंडईच्या लेथवर घडलेली चौकट

प्रयोगशाळेसाठी एखादी वस्तू घडवून घ्यायची आहे, ती कुठल्याच कॅटलॉगात नाही, आणि आपण काढलेलं चित्र दुसऱ्याला कळेल की नाही याचीच खात्री नाही. अशा वेळी गोव्यात कुणाकडे जायचं? गेल्या वर्षी जूनमध्ये मी आठ दिवस हेच विचारत फिरत होते. शेवटी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी सांगितलं, "मॅडम, माझ्या भावाच्या ट्रॉलरचा शाफ्ट जिथे केला, तिथे जाऊन बघा."

ते दुकान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आहे. तपोभूमीकडचा रस्ता सोडून आत वळायचं आणि शेवटच्या वळणावरची निळ्या पत्र्यांची शेड गाठायची. बाहेर फणसाचं झाड आहे, त्याखाली गंजलेले पंप आणि एक जुना प्रोपेलर. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तसं सांगितलं आहे. हातात आहेत तेवढी कामं त्यांना पुरतात. पण दुकानाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. माझ्या कामाचा जो भाग सगळ्यात नाजूक होता, तो या लोकांनी समजून घेऊन केला.

आधी काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

मी फोंड्याच्या बाजूची. कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि जोडीला संशोधन करते. कार्बनच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचा, किरण कर्करोगाच्या पेशींवर पडला की त्यातल्या किती मरतात, किती सावरतात, हे मोजायचं. पेशी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणलेल्या. आणि किरण मिळतो दिल्लीला, जेएनयूच्या शेजारच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये. तिथलं पेलेट्रॉन यंत्र उभं आहे. साडेसव्वीस मीटर उंच आणि साडेपाच मीटर रुंद पोलादी टाकी, आत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू दाबून भरलेला, कारण मधोमध दीड कोटी व्होल्टपर्यंत विद्युतदाब चढवायचा असतो आणि साध्या हवेत तेवढ्या दाबाला ठिणग्याच उडतील. वरून ऋण आयन सोडतात. मध्यावर पोचल्यावर कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात, ते धन होतात आणि ज्या धन दाबाने त्यांना आधी ओढलं तोच आता त्यांना खाली ढकलतो. एकाच दाबाचा दोनदा उपयोग. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी वर्गातल्या मुलांना सांगितल्याशिवाय राहिले नाही.

हे यंत्र मुळात अणुकेंद्राच्या अभ्यासासाठी उभारलेलं. निर्वात नळीत, धातूच्या पातळ पत्र्यावर किरण मारायचा, हा त्याचा धंदा. जिवंत पेशी निर्वातात क्षणभरही टिकत नाहीत. म्हणून जीवशास्त्राच्या शाखेत किरण पातळ खिडकीतून बाहेर हवेत काढतात, बशीभर पसरवतात, आणि तिथे एक यंत्राचा हात आहे जो पेशींची बशी माध्यमातून, म्हणजे त्या ज्यात जगतात त्या पोषक द्रवातून, उचलतो, किरणासमोर उभी धरतो, ठरलेले कण मोजून झाले की परत माध्यमात ठेवतो. उभी धरतो, कारण किरण आडवा येतो. आणि झाकण काढलेली, माध्यम निथळलेली, कारण ८५ एमईव्हीने (हे कणांच्या ऊर्जेचं एकक) निघालेला कार्बन खिडकी आणि हवा ओलांडून पेशींपाशी येईपर्यंत ६२ एमईव्हीचा उरतो, आणि पाण्यात त्याची धाव जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. बशीच्या तळाचं प्लास्टिक तो ओलांडू शकत नाही. पेशींवर माध्यमाचा जरासा जाड थर राहिला, तरी तो तिथेच थांबतो.

एवढं सगळं तिकडे तयार आहे. अडचण इकडे होती. किरणाची वेळ वर्षातून एकदा, तीही मोजून काही पाळ्या. त्या पाळ्यांत शिकायला वेळ नसतो, हात आधीच बसलेला हवा. माझ्या पेशी माध्यमाशिवाय किती वेळ उभ्या राहू शकतात? निथळताना माध्यम कुठे साचतं? हे घरी बसून कळायला हवं होतं. मला हवी होती सरावाची एक चौकट, जिच्यात ३५ मिलिमीटरची पेट्री बशी बरोबर उभी बसेल, आणि पेशींच्या बाटल्या दिल्लीला न्यायची एक पेटी.

मी ग्राफपेपरवर चित्र काढून नेलं होतं. मालक साठीचे असावेत, सगळे त्यांना भाई म्हणतात. पूर्वी खनिजाच्या बार्जींची इंजिनं दुरुस्त करायचे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बार्जी जागीच उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांनी औषधांच्या कंपन्यांची कामं धरली. कागद त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हें कितें बाये? घड्याळाक फ्रेम?"

मी सांगायला लागले. त्यांनी लेथ बंद करवला. मला हे फार आवडलं. किती दुकानांत माणूस आपलं ऐकताना यंत्र बंद करतो?

बशी मी बरोबर नेलीच होती. भाईंनी व्हर्निअर लावला आणि म्हणाले, ही पस्तीस नाही. मी दुसऱ्या कंपनीची काढून दिली, ती आणखी वेगळी निघाली. पुड्यावर लिहिलेले ३५ मिलिमीटर नावापुरते असतात, हे इतकी वर्षं बशा हाताळून मला माहीत नव्हतं. दोन्ही बशा त्यांनी ठेवून घेतल्या आणि चौकटीत स्प्रिंगचं छोटं बोट बसवायचं ठरवलं, म्हणजे कुठलीही बशी घट्ट राहील. माझ्या चित्रात ते नव्हतं.

धातू कुठला, यावरही मी चुकले होते. मी अ‍ॅल्युमिनियम लिहिलं होतं, हलकं म्हणून. भाईंनी मान हलवली. तुझ्या त्या पाण्यात मीठ आहे ना? मग तीनशे सोळा स्टील घे, तीनशे चारसुद्धा नको. समुद्रावर आणि औषधाच्या कारखान्यात त्यांनी दोन्ही वापरून पाहिलेली. पेशींच्या माध्यमात मीठ असतंच, आणि चौकट ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफवायची म्हणजे गंजाला आमंत्रणच. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते क्लोराइडला दाद देत नाही, हे मी घरी येऊन वाचलं. भाईंनी ते न वाचताच सांगितलं होतं.

त्यांच्याकडे आयटीआय झालेला एक मुलगा आहे, मिलिंग तोच बघतो. माझ्या कामात सगळ्यात जास्त डोकं त्याने घातलं. त्याचा प्रश्न होता, की कार्बनच कशाला? बांबोळीच्या इस्पितळात तर एक्स-रेनेच भाजतात ना?

माझ्या मावशीला तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन दिलं होतं. त्यानंतर वर्षभर ती पेजेवर होती, दुसरं काही गिळता येत नव्हतं. एक्स-रे आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाटेतल्या सगळ्याला थोडं थोडं भाजत जातो. आयनाचं वेगळं. वेगात असताना तो वाटेत फार काही सोडत नाही, आणि थांबायच्या ठिकाणी एकदम सगळं ओततो. विल्यम ब्रॅग यांनी रेडियमच्या अल्फा कणांत हे पाहिलं, १९०४ च्या सुमाराला. त्याचा रोग्याला उपयोग करता येईल असं रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ साली मांडलं. हे मी त्या मुलाला सांगत होते आणि तो हातातल्या ड्रिलकडे बघत होता. म्हणाला, "ड्रिलसारखंच की. प्लेटमधून गुपचूप जातं आणि पार व्हायच्या वेळी शेवटी हिसका मारतं."

कारण वेगळं आहे. आयन मंदावला की प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या शेजारी जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून जास्त ऊर्जा सोडतो. पण शेवटी हिसका, हे चित्र इतकं बरोबर आहे की आता मी वर्गात तेच वापरते.

भाईंचा प्रश्न निराळा होता. एका कामासाठी बांधलेलं मशीन दुसऱ्या कामाला लावताना नक्की काय काय बदलावं लागतं? बार्जीचं इंजिन ट्रॉलरला बसवणाऱ्या माणसाला हाच प्रश्न पडणार. मग मी त्यांना जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रातल्या, कणांना गोल फिरवणाऱ्या एका कड्याची गोष्ट सांगितली. घेर ७८ मीटर. १९८२ पासून ते प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचे उलट भाराचे जुळे, मंद करायला वापरत, तेव्हा त्याचं नाव लिअर. १९९५ साली तिथेच प्रतिहायड्रोजनचे पहिले अणू तयार झाले. मग तेच कडं बदलून शिशाचे आयन साठवायला घेतलं, जे पुढे मोठ्या हॅड्रॉन कोलायडरला, कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राला, जातात, आणि त्याचं नाव झालं लेइर. ते वर्षातला थोडाच काळ लागतं, म्हणून उरलेल्या वेळात त्यावर जीवशास्त्राचे प्रयोग करता येतील का, याचा आराखडा तिथल्या लोकांनी अभ्यासला. शिशाऐवजी कार्बन, ऑक्सिजन, हेलियमसारखे हलके आयन हवेत, म्हणजे वेगळा स्रोत हवा. शरीराच्या आत खोल पोचेल एवढी ऊर्जा हवी, म्हणजे चुंबकांना जास्त वीज देणारी व्यवस्था हवी. आणि सगळ्यात अवघड म्हणजे किरण बाहेर काढायची रीत. ते कडं सगळे आयन एका झटक्यात बाहेर फेकतं. पुढच्या यंत्राला तसेच हवे असतात. पेशींना मात्र ते सावकाश, काही सेकंद सारखे झिरपत हवेत, नाहीतर मोजायचे कसे आणि नेमक्या क्षणी थांबवायचे कसे?

भाई बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, म्हणजे इंजिन तेच, पण गिअरबॉक्स नवा. मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

चौकट जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिळाली. देखणी होती, कडा बोटाला कुठे लागत नव्हत्या, कापताना राहणारी धातूची कुसळं सगळी काढलेली. आणि पहिल्याच सरावात माझ्या सगळ्या पेशी मेल्या. किरण नाही, काही नाही, नुसत्या चौकटीत दोन मिनिटं उभ्या केलेल्या. दुसऱ्यांदा तेच. चार दिवस मी माध्यमाला, सीरमला, इनक्युबेटरला दोष दिला. पाचव्या दिवशी चौकटीचा स्क्रू सोडवून टिशू पेपरवर ठेवला आणि कागदावर तेलाचा पिवळा डाग उमटला. आटे पाडताना वापरलेलं कटिंग ऑइल आट्यांत तसंच होतं. ऑटोक्लेव्हमध्ये ते गरम होऊन सगळीकडे पसरलं असणार.

ही दुकानाची चूक होती, आणि पाच ताऱ्यांपैकी एक मी त्यासाठीच कापते. चौकट जिवंत पेशींसाठी आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. औषधांच्या कंपन्यांची कामं करणाऱ्याने एवढं धुऊन द्यायला हवं होतं. माझे दहा दिवस आणि बरंच महाग सीरम वाया गेलं. मी गेले तेव्हा भाई आधी म्हणाले, "आदीं सांगपाचें न्हय?" मग त्यांनी तो टिशू पेपर हातात घेतला, पाहिला, आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत. चौकट पूर्ण सोडवली, आधी सोड्याच्या गरम पाण्यात, मग अ‍ॅसिटोनमध्ये, मग कंपनीवाल्यांच्या ओळखीने अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन आणली, तीन दिवसांत. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर माझ्या सगळ्या वस्तू तिथून प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीत येतात, आणि पिशवीवर मार्करने लिहिलेलं असतं, 'धुतलें'.

चौकट स्वच्छ झाल्यावर सरावातून दोन गोष्टी कळल्या, आणि दोन्हींवर उपाय या शेडमध्येच निघाला.

पहिली हवेची. जुलैत गोव्याच्या हवेत इतकी ओल असते की निथळलेली बशी पाच मिनिटंसुद्धा वाळत नाही. माझी किरणाची वेळ नोव्हेंबरातली, दिल्लीची हवा तेव्हा कोरडी. इथे जमलं ते तिथे जमेल याचा काय भरवसा? मुलाने चौकटीवर बसेल असा अ‍ॅक्रिलिकचा डबा केला, खाली सिलिका जेलसाठी खण आणि वर छोटा आर्द्रतामापक अडकवायला जागा. त्या डब्यात मी कुंडईत दिल्ली तयार केली. आणि खरंच, कोरड्या हवेत दोन मिनिटांनंतर पेशी आकसायला लागल्या. म्हणून माझी मर्यादा ठरली नव्वद सेकंद.

दुसरी गोष्ट चंद्रकोरीची. बशी उभी केली की उरलंसुरलं माध्यम खालच्या कडेला साचतं, पातळ कोरीच्या आकारात. तिथल्या पेशींवर पाणी जास्त, म्हणजे त्यांच्यापर्यंत कार्बन पोचणारच नाही. आता हिशोब बघा. या कार्बनचा एक ग्रे (किरणाची मात्रा मोजायचं एकक) डोस म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण २१-२२ लाख कण. ऐकायला प्रचंड वाटतं, पण पेशीचं केंद्रक शंभर चौरस मायक्रॉनचं धरलं तर त्याच्या वाट्याला सरासरी दोनच येतात. आणि सरासरी दोन म्हणजे प्रत्येकाला दोन नव्हे. पावसाच्या थेंबांसारखं, कुणाला चार, कुणाला एक, आणि साधारण सात-आठांत एका केंद्रकाला एकही नाही. नशिबाने सुटलेल्या अशा पेशींचा हिशोब गणितात धरता येतो. पाण्याखाली लपून वाचलेल्यांचा धरता येत नाही. त्या मोजणीत मिसळल्या की कार्बन आहे त्याहून दुबळा दिसेल आणि माझा सगळा आलेख खोटा ठरेल.

म्हणून किरणानंतर खालची ती कोर खरवडून टाकायची. पण दर वेळी तेवढीच, कमी नाही जास्त नाही. मुलाने ०.५ मिलिमीटरच्या स्टीलच्या पत्र्यातून चंद्रकोरीचा साचा कापून दिला, बशीत अलगद बसणारा. हा साचा बनवायला त्याला एक संध्याकाळ लागली असेल. माझ्या आख्ख्या प्रयोगात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच वस्तू.

उशीर झाला तो चवथीला. पेटी गणेश चतुर्थीच्या आधी द्यायचं कबूल केलं होतं, मिळाली ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. मध्ये दुकान दहा दिवस बंद होतं, माणसं गावी, आणि फोन कुणी उचलत नव्हतं. गोव्यात चवथीच्या आसपासच्या तारखा कुणी दिल्या तर त्या धरून चालू नये, हे मला कळायला हवं होतं. तरी एक फोन तर करायचा! पेटी मात्र चांगली झाली. आत फोमचे खण, काठोकाठ माध्यम भरलेल्या बारा बाटल्या घट्ट बसतात, हवेचा बुडबुडा राहत नाही म्हणून हिंदकळत नाहीत. मडगावहून राजधानीने नेली, करबुड्याच्या बोगद्यातून, रात्रभर बर्थवर उशाशी ठेवून. दिल्लीत उघडली तेव्हा बाराही बाटल्यांत पेशी तळाला चिकटलेल्या, गोल-गरगरीत एकही नाही.

किरणाच्या पाळ्यांबद्दल इथे फार लिहीत नाही, निकाल अजून मोजतेच आहे. तिथला यंत्राचा हात पहिल्यांदा माझी बशी उचलून उभी करताना पाहिला, तेव्हा मी आपोआप सेकंद मोजायला लागले. कुंडईच्या डब्यासमोर तीन महिने तेच केलं होतं. एकही बशी नव्वदच्या वर गेली नाही. आणि पन्नासाहून जास्त पेशींची वसाहत झाली तीच वाचली असं धरून, पहिल्या बशा रंगवल्या तेव्हा बिनकिरणाच्या बशीत जांभळ्या ठिपक्यांची दाटी होती आणि कार्बनच्या बशीत बोटांवर मोजण्याएवढे ठिपके. फोटो काढून त्या मुलाला पाठवला. त्याने परत विचारलं, कोर खरवडली होती ना?

सगळं मिळून खर्च ११,४०० रुपये झाला, स्टीलसकट. परदेशी कंपनीने नुसत्या चौकटीचा भाव सांगितला होता तो याच्या कितीतरी पट होता, आणि त्यांना चंद्रकोर कळली असती असं मला वाटत नाही. पाचपैकी चार तारे. कापलेला तारा तेलाचा आहे.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आधी जा, नंतर ट्रॉलरवाले येतात. पैसे अर्धे आधी. वस्तू जिवंत गोष्टीला लागणार असेल तर तसं कागदावर लिहून द्या, तोंडी सांगून सोडू नका. आणि जे काही बसवायचं आहे, बशी, बाटली, नळी, ते प्रत्यक्ष बरोबर न्या. पुड्यावर छापलेल्या मापावर भाई विश्वास ठेवत नाहीत.